काढून टाकण्यापूर्वी : विद्यापीठीय परिवीक्षेचा विचार



विद्यार्थी चुकला तर त्याचे काय करावे, हा प्रश्न शिक्षणाइतकाच जुना आहे. आपल्या महाविद्यालयांतून त्याची बहुधा दोनच उत्तरे आढळतात. एक म्हणजे प्राचार्यांच्या दालनात बोलावून, पालकांसमक्ष कानउघाडणी करून, माफीनामा लिहून घेऊन सोडून देणे. दुसरे म्हणजे रस्टिकेट करणे. पहिल्या उपायाने विद्यार्थी निर्ढावण्याची भीती असते, दुसऱ्याने तो कायमचा तुटण्याची. कौटिल्याने दंडाचा विचार करताना तीक्ष्ण, मृदू आणि यथार्ह असा भेद केला आणि मान दिला तो यथार्ह, म्हणजे अपराधाला साजेशा दंडाला. अमेरिकेतील विद्यापीठांनी या दोन टोकांमध्ये एक पायरी बांधली आहे. तिला ‘डिसिप्लिनरी प्रोबेशन’ म्हणतात. मराठीत शिस्तविषयक परिवीक्षा. मराठी घरांतील अनेक मुले आज त्या विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांच्यासाठी तर ही पद्धत समजून घेणे आवश्यक आहेच. परंतु आपल्या शिक्षणसंस्थांनीही तिचा विचार करावा, असे तिच्यात बरेच काही आहे.

परिवीक्षेचे मूळ न्यायालयात आहे. इ. स. १८४१ मध्ये बोस्टन शहरातील जॉन ऑगस्टस नावाच्या एका चर्मकाराने पोलीस न्यायालयात उभ्या असलेल्या एका मद्यपी माणसासाठी जामीन दिला. काही आठवड्यांनी तो माणूस सुधारून न्यायालयापुढे परत आला आणि तुरुंगाऐवजी नाममात्र दंडावर सुटला. १८५९ साली मृत्यू येईपर्यंत ऑगस्टसने सुमारे दोन हजार जणांची अशी जबाबदारी घेतली. पुढे १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने परिवीक्षेचा कायदा केला. या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परिवीक्षेच्या मुळाशी केवळ कागद नव्हता. चुकलेल्या माणसासाठी उभा राहणारा दुसरा माणूस होता.

विद्यापीठांत ही कल्पना रुजली, परंतु तिला न्यायाची चौकट लाभण्यास बराच काळ जावा लागला. विद्यापीठ हे पालकस्थानी आहे, म्हणून ते विचारणा न करताही शिक्षा देऊ शकते, असा जुना समज होता. १९६० च्या फेब्रुवारीत अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा एक गट न्यायालयाच्या इमारतीतील, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसला. राज्याच्या शिक्षण मंडळाने ९ विद्यार्थ्यांना महाविद्यालयातून काढून टाकले आणि आणखी २० जणांना परिवीक्षेवर ठेवले. काढून टाकलेल्यांना ना आरोपांची सूचना मिळाली, ना बाजू मांडण्याची संधी. ‘डिक्सन विरुद्ध अलाबामा’ या खटल्यात १९६१ मध्ये संघीय अपील न्यायालयाने निर्णय दिला, की सरकारी पैशावर चालणाऱ्या महाविद्यालयाने विद्यार्थ्याला काढून टाकण्यापूर्वी त्याला आरोपांची सूचना आणि सुनावणी दिलीच पाहिजे. खाजगी विद्यापीठे मुख्यतः स्वतःच्या नियमपुस्तिकेने बांधलेली असतात. तथापि आधी ऐकणे आणि मग शिक्षा, ही रीत त्यानंतर सर्वत्र दृढ होत गेली.

आज ही व्यवस्था साधारणपणे पुढीलप्रमाणे चालते. तपशील विद्यापीठागणिक बदलतात. सांगाडा मात्र सारखा असतो. वसतिगृहातील गोंधळ, मद्यपान, मालमत्तेची नासधूस, परीक्षेतील गैरप्रकार किंवा वाङ्मयचौर्य अशी तक्रार आली, की विद्यार्थ्याला पत्र जाते. आचारसंहितेतील कोणते कलम मोडल्याचा आरोप आहे, हे त्यात नमूद असते. त्यानंतर शिस्त-अधिकाऱ्याशी भेट होते. विद्यार्थ्याने चूक मान्य केली तर प्रकरण बहुधा तेथेच निकाली निघते. नाकारली तर अधिकारी किंवा समिती सुनावणी घेते. कित्येक ठिकाणी या समितीत विद्यार्थीही असतात. सोबत सल्लागार नेता येतो, परंतु अनेक विद्यापीठांत त्याला विद्यार्थ्याच्या वतीने बोलता येत नाही. पुराव्याचा निकषही फौजदारी न्यायालयाइतका कडक नसतो. आरोप खरा असण्याची शक्यता खोटा असण्यापेक्षा अधिक दिसली, तरी बहुतेक ठिकाणी ते पुरेसे ठरते.

शिक्षेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात : लेखी ताकीद, परिवीक्षा, निलंबन आणि शेवटी कायमची हकालपट्टी. परिवीक्षेच्या पत्रात मुदत लिहिलेली असते. ती बहुधा एक सत्र किंवा एक वर्ष, क्वचित पदवी पूर्ण होईपर्यंत. या काळात विद्यार्थी वर्गात बसतो, परीक्षा देतो, ग्रंथालय वापरतो. परंतु विद्यार्थी संघटनेतील पद, विद्यापीठाच्या संघातून खेळणे, परदेशी अभ्यासक्रमाला जाणे अशा गोष्टींना तो मुकू शकतो. नुकसानभरपाई, समाजसेवेचे तास किंवा व्यसनविषयक वर्ग अशा अटीही त्यासोबत येतात. सर्वांत महत्त्वाची अट एकच : या मुदतीत पुन्हा नियम मोडला, तर नव्या चुकीसोबत जुनीही तोलली जाते आणि पुढची पायरी बहुधा निलंबनाची असते. निर्णय अमान्य असल्यास अपील करता येते. परंतु त्याला मोजकेच दिवस असतात आणि कारणेही मर्यादित असतात. प्रक्रियेतील दोष, नवा पुरावा किंवा अपराधाच्या मानाने अवाजवी शिक्षा, ही त्यांपैकी प्रमुख होत. कमी गुणांमुळे लागणारी ‘अकॅडेमिक प्रोबेशन’ ही वेगळी. तिचा वर्तनाशी संबंध नसतो.

येथे मराठी पालकांनी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली म्हणजे, अमेरिकेतील १९७४ च्या कायद्यानुसार विद्यार्थी महाविद्यालयात दाखल झाला, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरील अधिकार पालकांकडून त्याच्याकडे जातो. त्यामुळे शुल्क सांगलीहून भरले जात असले, तरी परिवीक्षेचे पत्र सांगलीला येईलच असे नाही. घरात मोकळेपणाने बोलण्याची सवय असेल, तरच मुलगा ही गोष्ट सांगेल. दुसरी गोष्ट व्हिसाची. परिवीक्षेत प्रवेश कायम राहत असल्याने केवळ तिच्यामुळे विद्यार्थी-व्हिसाचा आधार जात नाही; निलंबन झाले तर मात्र तो धोक्यात येतो. म्हणून परक्या देशातील विद्यार्थ्याला दुसरी चूक स्थानिक विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी महाग पडते. तिसरी गोष्ट नोंदीची. परिवीक्षा गुणपत्रिकेवर सहसा छापली जात नाही, पण शिस्तविषयक दप्तरात ती काही वर्षे राहते. कायद्याच्या वा वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करताना अशा कारवाईविषयी विचारणा होते. तेथे सत्य लिहिणे श्रेयस्कर. कारण लपवाछपवी उघड झाली तर ती मूळ चुकीहून जड ठरते.

ही व्यवस्था निर्दोष आहे, असे मात्र नाही. अनेक ठिकाणी परिवीक्षा म्हणजे केवळ एक ई-पत्र आणि एक तारीख एवढेच उरते. वर्षभर त्या विद्यार्थ्याची कोणी चौकशी करीत नाही, आणि तो पुन्हा चुकला तरच दप्तर उघडते. ऑगस्टसचा जामीन तेथे हरवतो आणि परिवीक्षेची धमकी होते. धमकीने मुलगा गप्प बसेल. तो बदलेलच, असे सांगता येत नाही.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याने दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढले जाते आणि पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीत वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती रोखणे, वसतिगृहातून काढणे, एक ते चार सत्रांचे रस्टिकेशन अशी शिक्षांची यादी आहे. तीत परिवीक्षा नाही. रॅगिंगसारख्या क्रौर्याला कठोरपणाच हवा, याविषयी दुमत असू नये. परंतु प्रत्येक चूक रॅगिंग नसते. नक्कल केलेला प्रकल्प, रागाच्या भरात फोडलेली काच, वसतिगृहातील हाणामारी यांना काय उत्तर द्यायचे?

आपल्या देशाला ही कल्पना परकी नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार न्यायालय पात्र अपराध्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, अधिकाधिक तीन वर्षांच्या मुदतीसाठी, सोडू शकते. त्याच कायद्याचे बारावे कलम असे सांगते, की अशा रीतीने सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटणार नाही. न्यायालयाने दोषी ठरविलेल्या माणसासाठी जी वाट कायद्याने मोकळी ठेवली, ती अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी नसावी, हे विसंगत आहे.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. आरोप लेखी द्यावा. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकावे. मुदत आणि अटी स्पष्ट लिहाव्यात. त्या मुदतीत एका प्राध्यापकाने त्याचे पालकत्व घ्यावे, पंधरा दिवसांतून एकदा त्याला भेटावे, त्याची हजेरी, अभ्यास आणि मनःस्थिती विचारावी. मुदत नीट पार पडली, की त्याला तसे लेखी कळवावे आणि प्रकरण मिटवावे. या शेवटच्या पत्राचे मोल मोठे आहे. शिक्षा संपली, असे कोणीतरी सांगितल्याशिवाय चुकलेल्या मुलाच्या मनातली शिक्षा संपत नाही.

विद्यार्थ्याला काढून टाकल्याने संस्थेचे आवार शांत होते, हे खरे. परंतु तो मुलगा समाजातून नाहीसा होत नाही. तो याच गावात, याच राष्ट्रात राहतो. त्याला घडविण्याचे काम तेव्हा संस्थेच्या हातातून सुटलेले असते. ज्या प्राध्यापकाला हे उमगेल, त्याने पुढच्या शिस्त-समितीच्या बैठकीत एवढेच म्हणावे : या मुलाची एका सत्राची जबाबदारी माझी.