घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? लहानपणी हे कोडे आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. भाकरीच्या आणि पानाच्या बाबतीत ते बरोबर असेल. घोड्याच्या बाबतीत मात्र ते अपुरे आहे. हे कळायला मला जवळजवळ एक वर्ष लागले आणि त्या वर्षाची किंमत माझ्या घोडीने मोजली. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे.

मी पुण्यात घोडेस्वारी शिकले ती तिशी ओलांडल्यावर. पहिली काही वर्षे क्लबच्या घोड्यांवर बसले. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. क्लबमध्ये शिकणारे आपण सगळे बारगीर. जो घोडा पुढ्यात येईल त्यावर, जे खोगीर पाठीवर असेल त्यात बसायचे. खोगिराचा विचार करायची वेळच येत नाही. २०१२ साली मी शिलेदार झाले आणि तिथून विचार सुरू झाला. तोही फार उशिरा.

घोडी कुमैत रंगाची, थरोब्रेड जातीची, शर्यतीतून निवृत्त झालेली. वय सहा वर्षे. तिचे शर्यतीतले नाव भलतेच लांबलचक होते. आम्ही तिला शेवंती म्हणू लागलो. तिला पळणे ठाऊक होते, अडथळ्यावरून उडी मारणे नव्याने शिकवायचे होते. तीही उत्साहाने शिकली. सहा महिन्यांत ती तीन फुटांचे अडथळे हसतखेळत ओलांडू लागली.

त्याच सुमारास मी स्वतःचे खोगीर घेतले. एका ओळखीच्या स्वाराकडे युरोपातून आणलेले, थोडे वापरलेले, उड्यांसाठीचे खोगीर होते. मी त्यात बसून पाहिले आणि प्रेमातच पडले. बैठक खोल, गुडघ्याला पुढून भक्कम टेकू, कातडे लोण्यासारखे मऊ. महिन्याच्या पगारापेक्षा जास्त पैसे मोजून मी ते घरी आणले. ते मला कसे होते, हे मी दहा वेळा बसून पाहिले होते. शेवंतीला कसे होते, हे एकदाही पाहिले नाही.

उड्यांचे खोगीर वेगळे का असते, हे इथे सांगायला हवे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपातले स्वार उडीच्या वेळी मागे रेलत. फेडेरिको कॅप्रिली नावाचा एक इटालियन घोडदळ अधिकारी होता. तो १९०७ साली वारला. स्वाराने रिकिबी आखूड कराव्यात, पुढे झुकावे आणि घोड्याला मोकळेपणाने उडी मारू द्यावी, हे त्याने शिकवले. आज जगभर तीच पद्धत आहे. रिकीब आखूड केली की गुडघा पुढे जातो, म्हणून या खोगिराच्या बाजूच्या झडपा पुढच्या बाजूला कापलेल्या असतात. घोड्याला डौलात चालवण्याच्या ड्रेसाज या प्रकारात पाय लांब सोडून बसतात. त्या खोगिराच्या झडपा सरळ खाली उतरतात. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

नवे खोगीर आले आणि दोन-तीन आठवड्यांत शेवंती बिघडली. निदान आम्ही तसे म्हणू लागलो. तंग कसायला गेले की कान मागे पाडायची, दात दाखवायची. मग अडथळ्यापाशी येऊन थांबू लागली. स्पर्धेत घोडा अडथळ्यापाशी अडला की चार गुणांचा दंड होतो. पण गुणांचे राहू द्या, धावता घोडा अचानक थांबतो तेव्हा स्वार थांबत नाही. मी दोनदा तिच्या मानेवरून पलीकडे पडले.

आमच्या प्रशिक्षकांचे उत्तर कोड्यातलेच होते. घोडी फिरवली पाहिजे, जास्त काम द्या, चाबूक दाखवा. मी चाबूक नुसता दाखवला नाही, वापरला. हे सांगताना आजही जीभ अडखळते. चाबकाने ती चार उड्या मारायची आणि पाचवीला पुन्हा अडायची. शेवटी कुणीतरी सुचवले, घोडी शर्यतीतून डोके बिघडवूनच आली आहे, वरातीसाठी घोडे ठेवणाऱ्याला देऊन टाका. मी चौकशीही करून ठेवली होती.

तबेल्यात एक वयस्कर मोतद्दार होते, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. एकदा रपेट संपवून मी खोगीर उतरवले आणि निघाले, तर मामा म्हणाले, “ताई, हिकडं या जरा. पाठ बघा तिची.”

पाठ घामाने ओली होती. फक्त मानेच्या मागे पाठीचा जो उंचवटा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन पट्टे अगदी कोरडे होते. मामांनी तिथे दोन बोटे अलगद दाबली. शेवंती पाठ चोरून खाली बसल्यासारखी झाली.

“सगळीकडं घाम आला आन् हितंच न्हाई. हितं लई दाब पडतोय, ताई. ती अडत न्हाई, ती सांगतीया.”

त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांना बोलावले. घोडा अडण्याची कारणे अनेक असतात. पाय दुखत असतील, दातांमुळे लगाम टोचत असेल, नालबंदी चुकली असेल. म्हणून आधी डॉक्टर, मग बाकीचे. पाय ठीक होते, दात ठीक होते. पाठीचे स्नायू मात्र जागोजागी दुखरे होते. सहा आठवडे पाठीवर काहीही ठेवायचे नाही, असे त्यांनी बजावले.

त्या सहा आठवड्यांत मी खोगीर शिकले. खोगिराच्या आत एक सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. पूर्वी तो लाकूड आणि पोलादी पट्ट्यांचा असे. आता प्लास्टिकसारख्या कृत्रिम पदार्थांचाही असतो. पुढच्या बाजूला त्याची कमान असते आणि तिची रुंदी घोड्याच्या अंगलटीशी जुळावी लागते. कमान अरुंद असली तर ती खांद्यामागचे स्नायू चिमट्यासारखी पकडते. रुंद असली तर खोगीर पुढून खाली बसते आणि उंचवट्यावर भार टाकते. माझे खोगीर युरोपातल्या रुंद पाठीच्या घोड्यांसाठी बनवलेले होते. शेवंती थरोब्रेड, तिचा उंचवटा वर आलेला आणि त्याच्या दोन्ही बाजू उतरत्या. प्रत्येक उडीनंतर जमिनीवर टेकताना माझे सगळे वजन त्या दोन पट्ट्यांवर आदळत होते.

खोगीर थोडे पुढे झुकते आहे, एवढे मला आधीही जाणवले होते. उपाय म्हणून मी खाली एक जाड गादी घातली होती, मग दुसरी. जोडा घट्ट असेल तर जाड मोजे घालून तो सैल होत नाही, उलट जास्त आवळतो. जोडा मोठा असेल तर जाड मोज्यांवर चालता येते, पण डोंगर चढता येत नाही. गाद्यांचे तसेच आहे.

शिकलेल्या गोष्टी थोडक्यात सांगते. खोगीर आधी गादीशिवाय पाठीवर ठेवून पाहायचे. स्वार बसल्यावरही कमान आणि उंचवटा यांच्यात दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. खोगिराच्या मधोमध लांबलचक पोकळी असते, ती कण्यावर कुठेही टेकता कामा नये. दोन्ही बाजूंच्या गाद्या पाठीला सारख्या टेकल्या पाहिजेत, पुढे आणि मागे टेकून मध्ये पुलासारखे अधांतरी राहायला नको. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून पुढे वजन पेलायला बरगड्यांचा आधार नसतो. आणि उडीच्या खोगिरात सर्वात महत्त्वाचे म्हणजे खांदा. घोडा पुढचा पाय पुढे टाकतो तेव्हा खांद्याच्या पात्याचे वरचे टोक मागे सरकते. खोगीर त्याच्यावर चढवून ठेवले, तर प्रत्येक टापेला ते हाड खोगिरावर आपटते. मग घोडा खांदा उचलायचेच टाळतो. खांदा उचलल्याशिवाय उडी होत नाही.

हे सगळे पाठ करून मी दुसरे खोगीर आणले. ते शेवंतीला झकास बसले. मामांनी हात फिरवून मान डोलावली. आम्ही जमिनीवर ठेवलेल्या बांबूंपासून पुन्हा सुरुवात केली. महिनाभर सगळे छान चालले. मग अडथळे अडीच फुटांवर गेले आणि शेवंती पुन्हा अडली.

या वेळी पाठ दुखत नव्हती, घामही सगळीकडे सारखा होता. एका मैत्रिणीने काढलेला व्हिडिओ पाहिला तेव्हा उलगडा झाला. मी उंच आहे, माझी मांडी लांब आहे. ते खोगीर साडेसोळा इंची होते आणि झडपा आखूड होत्या. माझा गुडघा झडपेच्या बाहेर जात होता आणि मी मागच्या काठावर ढकलली जात होते. घोडी उडी घ्यायची तेव्हा मी क्षणभर मागे राहायचे आणि तोल सावरायला लगाम ओढायचे. म्हणजे उडी मारली की तोंडाला हिसका. पहिल्या खोगिरात पाठ दुखत होती, दुसऱ्यात तोंड. शिक्षा तिलाच होत होती.

तोवर मी अपराधी भावनेने असे धरून चालले होते की घोडीला बसले म्हणजे झाले, माझे मी पाहून घेईन. तसे नसते. स्वाराला न होणारे खोगीर शेवटी घोड्यालाच त्रास देते. बैठकीचे माप पुढच्या बाजूच्या खिळ्यापासून मागच्या काठाच्या मध्यापर्यंत घेतात. बसल्यावर मागे साधारण चार बोटे जागा उरावी. पण केवळ वजनावरून किंवा अंगापिंडावरून माप ठरवू नये. मांडीची लांबी पाहावी. उडीसाठी रिकीब आखूड केल्यावर गुडघा झडपेच्या आत, टेकूच्या मागे आला पाहिजे.

तिसऱ्या खोगिरासाठी मी अप्पा बळवंत चौकातून इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वक्ररेषा काढायला वापरतात ती लवचीक पट्टी आणली. खांद्याच्या पात्याच्या मागे, पाठीच्या मध्ये आणि शेवटच्या बरगडीपाशी अशी तीन ठिकाणी ती पाठीवर आडवी दाबून बसवली आणि तिचा आकार मोठ्या कागदावर गिरवून घेतला. चौथी रेषा उंचवट्यापासून मागे, कण्याच्या लांबीची. गिरवताना लक्षात आले की शेवंतीचा डावा खांदा उजव्यापेक्षा भरलेला आहे. बऱ्याच घोड्यांचे दोन्ही खांदे सारखे नसतात.

हे कागद आणि माझ्या मांडीचे माप मी कानपूरला पाठवले. इंग्रजांच्या सैन्याला खोगिरे पुरवता पुरवता कानपुरात हा धंदा वाढला आणि आज तिथली खोगिरे देशोदेशी जातात. तिथल्या कारागिराने फोनवर मला इतके बारीक प्रश्न विचारले की मी चाट पडले. घोडीचे वजन वाढते आहे की उतरते आहे? उन्हाळ्यात काम कमी असते का? त्याने साडेसतरा इंची बैठक ठेवली, झडपा लांब आणि पुढे काढल्या आणि आत लोकर भरली. लोकर दबते, तशी ती पुन्हा भरून घेता येते. आपल्याकडे निरुपयोगी मजकुराला खोगीरभरती म्हणतात. खऱ्या खोगिरात भरतीइतके महत्त्वाचे दुसरे काही नसते!

नवे खोगीर देखणे नव्हते. पहिल्याचा मऊपणा त्यात नव्हता. बैठकही तेवढी खोल नव्हती. मी थोडे सोडले. पण शेवंतीने तंग कसताना कान मागे पाडले नाहीत. पहिल्या दिवशी मी तिला उडी मारायला लावलीच नाही. दहा दिवसांनी दोन फुटांच्या अडथळ्याकडे वळवले, तर ती स्वतःहून पुढे सरसावली. पलीकडे उतरल्यावर मी लगाम सोडून तिच्या गळ्यात हात टाकले. मामा कठड्यापाशी उभे होते. ते जवळ आले, खोगीर उतरवले आणि आधी घाम पाहिला. मगच हसले.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी आम्ही पट्टी लावून आकार पुन्हा गिरवत असू. काम वाढले की पाठ भरते, विश्रांतीत उतरते, वयाबरोबर बदलते. आज जुळलेले खोगीर वर्षाने जुळेलच असे नाही. हल्ली खोगिराखाली घालून दाब मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चटया निघाल्या आहेत. कमानीची रुंदी बदलता येणारी खोगिरेही मिळतात. ज्याला परवडेल त्याने जरूर वापरावीत. पण दोन बोटे आणि घामाची खूण यांना पैसे पडत नाहीत.

शेवंती आता म्हातारी झाली आहे, तिच्या पाठीवर कुणी बसत नाही. खोगीर काढून टाकल्यावरही उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे दोन ठिपके दिसतात. दाबाने कातडीखाली इजा झाली की तिथे पुढे पांढरे केस उगवतात. खरारा करताना माझा हात रोज त्यांवरून जातो.

तुमच्यापैकी बहुतेकांना उड्यांचे खोगीर कधी घ्यावे लागणार नाही. पण माथेरानला किंवा महाबळेश्वरला मुलांना घोड्यावर बसवायची हौस आपल्या सगळ्यांनाच असते. पुढच्या वेळी बसवण्याआधी घोडेवाल्याला म्हणा, दादा, जरा खोगीर उचलून पाठ दाखवा. जखम असेल तर त्या घोड्यावर बसू नका आणि का बसत नाही तेही सांगा. पाठ चांगली राखलेली असेल, तर त्याचे मोकळ्या मनाने कौतुक करा. आणि वाटेत घोडा अडलाच, तर टाच मारण्याआधी एकदा खाली उतरून पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)