थंड डोकं आणि इथली माती

श्रोतेहो, कोल्हापुरात तापट माणसाला 'डोकं थंड ठेव' म्हणतात. पैलवानाला तर बदामाची थंडाईच पाजतात. पण मेंदू वाचवण्यासाठी शरीर खरोखरच थंड करावं का, हा प्रश्न वैद्यकशास्त्रालाही पडलेला आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या अवघं २ टक्के. प्राणवायू मात्र सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडला की मेंदूला इजा होते. काही तासांनी हानीची दुसरी लाट येते. त्याआधी, सहा तासांच्या आत बाळाचं शरीर ३३-३४ अंश सेल्सिअसवर आणून तीन दिवस तसंच ठेवलं, तर पेशींची भूक मंदावते. श्रीमंत देशांत या उपचाराने अनेक बाळं वाचली.

मग आपल्याकडे? भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर याचा अभ्यास झाला. त्यात मुंबईचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालयही होतं. २०२१ साली निष्कर्ष आले, ते धक्कादायक होते. थंड ठेवलेली ४२ टक्के बाळं दगावली. नेहमीचे उपचार मिळालेली ३१ टक्के. यंत्रं तीच, अंश तेच, तरी गुण आला नाही. आपल्याकडच्या बाळांची इजा बहुधा प्रसूतीच्या बरीच आधी सुरू झालेली असावी, असं एक कारण सांगितलं जातं.

मोठ्यांचंही पाहा. डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णांना लवकर थंड करून फायदा होत नाही, असं २०१८ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं. म्हणून अशा रुग्णाला ताप चढू न देणं, याकडे डॉक्टर बारकाईने लक्ष देतात.

मी कवी माणूस. गझल फारसीतून उर्दूत आली, उर्दूतून मराठीत. प्रत्येक ठिकाणी तिला त्या भाषेचा श्वास घ्यावा लागला. औषधालाही इथल्या मातीची परीक्षा द्यावी लागते.

तेव्हा परदेशातल्या पाहुण्याने फोनवर काही सुचवलं, तर डॉक्टरांना अवश्य विचारा, 'हे आपल्याकडच्या बाळांवर तपासलंय का?' आणि घरच्या घरी बर्फ लावत बसू नका. बाळ जन्मल्यावर रडलं नाही किंवा कुणाच्या डोक्याला जबर मार लागला, तर ताबडतोब दवाखाना गाठा. त्या घडीला डोकं थंड ठेवायचं ते आपण, सोबतच्या माणसांनी.