रजिस्टरमध्ये सगळेच २५ वर्षांचे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात ‘मद्यपानासाठी २५ वर्षांची अट असावी’ या विषयावर झालेल्या वादविवादात, विरोधी बाजूने केलेले भाषण)

व्यासपीठावरील आदरणीय गुरुजन, आणि १९८६ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मैत्रिणीने माझी ओळख ‘हॉटेल व्यावसायिक’ अशी करून दिली. तिने माझी लाज राखली, त्याबद्दल तिचे आभार. पण आजचा विषय असा आहे की तिथे झाकून चालणार नाही. माझी परमिट रूम आहे. वडिलांची खानावळ होती, १९९६ साली मी तिला परवाना घेतला आणि तेव्हापासून मी दारू विकतो.

आता गंमत ऐका. नववीत असताना आपल्या शाळेत वादविवाद स्पर्धा झाली होती. तेव्हा हे सभागृह नव्हते. तीन वर्गांमधल्या लाकडी फळ्या काढून आपण हॉल करायचो. विषय होता ‘दारूबंदी असावी की नसावी’. इतिहासाच्या सरांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मला आली ‘असावी’. मी दारूला एवढ्या शिव्या घातल्या की पहिला नंबर आला. बक्षीस काय मिळाले, तर स्टीलचा पेला! तो अजून घरी आहे. त्यातून आम्ही ताकच पितो, सर, काळजी नसावी.

सरांचा त्या वेळी एक नियम होता. बाजू कुठलीही येवो, समोरच्याचा सगळ्यात चांगला मुद्दा आधी आपल्या तोंडाने सांगायचा आणि मगच आपले म्हणणे मांडायचे. आज सर समोर बसले आहेत, तेव्हा नियम मोडायची माझी हिंमत नाही.

माझ्या आधी आपल्या डॉक्टर मैत्रिणीने २५ ची बाजू मांडली. माणसाचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, धोका ओळखून स्वतःला आवरणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो, असे ती म्हणाली. ते खरेच आहे. मी त्यात भर घालतो. अमेरिकेत १९७१ साली मतदानाचे वय १८ झाले. मग बऱ्याच राज्यांनी दारूचेही वय खाली आणले. पुढे रस्त्यांवर तरुण पोरांचे अपघात वाढले. १९८४ साली तिथल्या केंद्र सरकारने कायदा केला की जे राज्य २१ चा नियम करणार नाही, त्याच्या महामार्गाच्या निधीला कात्री लागेल. १९८८ पर्यंत सगळी राज्ये २१ वर आली आणि तरुणांचे अपघाती मृत्यू घटले. म्हणजे वयाच्या अटीने जीव वाचतात. ही अट नकोच, असे म्हणायला मी इथे उभा नाही.

आता माझे म्हणणे सांगतो. त्याआधी आपला कायदा काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर मी पोट भरतो.

माझा धंदा ज्या कायद्याखाली चालतो त्याचे नाव दारूबंदी अधिनियम. १९४९ चा कायदा आहे. नावात पूर्वी मुंबई होते, आता महाराष्ट्र आहे, पण ‘दारूबंदी’ तशीच आहे. या कायद्याने दारू मुळात बंद आणि ज्याच्याकडे परवाना त्याला मोकळीक. म्हणून तर आमच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेले असते. विकणाऱ्याला परवाना लागतो तसा पिणाऱ्यालाही लागतो, हे इथे किती जणांना माहीत आहे? हात वर करू नका, घरची मंडळी आलेली आहेत! विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, वर्षाचा १०० चा आणि जन्मभराचा १००० चा. वयाची अट सौम्य बिअर आणि वाइनला २१, बाकीच्या दारूला २५. २०११ साली सरकारने व्यसनमुक्तीचे धोरण आणले तेव्हा या २५ वरून राज्यभर गदारोळ झाला. एका तरुण सिनेनटाने कोर्टात जायची भाषा केली. वर्तमानपत्रे भरून वाहत होती. माझ्या परमिट रूममध्ये मात्र तसूभर फरक पडला नाही.

का पडला नाही, ते सांगतो. एक दिवसाच्या परवान्यांचे पुस्तक असते. गिऱ्हाईक आले की नाव आणि वय लिहून पावती फाडायची, असा नियम. आमच्याकडे महिनाअखेरीला मॅनेजर बसायचा आणि सगळे पुस्तक एका बैठकीत भरायचा. नावे सुचतील ती आणि वय २५ च्या पुढचे सुचेल ते. माझ्या पुस्तकात २४ वर्षांचा माणूस कधी आलाच नाही. १९ चाही आला नाही. रजिस्टरमध्ये सगळेच २५ वर्षांचे.

२०१५ सालचा जून महिना. रात्री नऊच्या सुमाराला चार पोरे आली. इंजिनिअरिंगची दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती. मी गल्ल्यावर होतो. त्यातल्या एकाला मी ओळखले. त्याच्या बारशाला मी जेवलो होतो. त्यानेही मला ओळखले आणि मान खाली घालून ‘काका’ म्हणाला. पोरगा २० वर्षांचा.

मी मनात म्हटले, आपण नको म्हटले तर ही पोरे ढाब्यावर जातील. इथे निदान आपल्या नजरेसमोर बसतील. त्या वेळी मला हा विचार फार समजूतदारपणाचा वाटला होता. चार जणांचे बिलही होणार होते, तेही लपवत नाही. साडेदहाला ती उठली. पावसाची भुरभुर होती. त्यांच्याकडे दोन मोटारसायकली होत्या, हे मला माहीत होते, कारण त्या माझ्याच दारात उभ्या होत्या.

कारखान्याच्या वळणावर त्याची गाडी घसरली. मागे बसलेल्या पोराला टाके पडले. याचा पाय दोन ठिकाणी मोडला. दोन ऑपरेशने झाली, कॉलेजचे वर्ष गेले. आज तो नोकरी करतो, संसार आहे, पण चालताना अजून लंगडतो. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. तोपर्यंत मॅनेजरने पुस्तक भरून ठेवले होते. नाव बरोबर आणि वय २६. कागद चोख होता. मला कोणी एक शब्द बोलले नाही.

त्या मुलाचे वडील आपल्याच वर्गातले. आज याच सभागृहात बसले आहेत. काल रात्री मी त्याला विचारले, ‘उद्या हे सांगू का?’ तो म्हणाला, ‘नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग.’ तेव्हा मी चार दिवस दवाखान्याकडे फिरकलो नव्हतो. पाचव्या दिवशी गेलो. मला वाटले होते तो माझी गचांडी धरेल. तो एवढेच म्हणाला, ‘अरे, तू मला एक फोन करायचास.’

मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी दहा वर्षे विचार करतो आहे. त्यातूनच आजचे माझे मत तयार झाले आहे.

माझ्यासारख्या दुकानदाराला २५ चा आकडा अडचणीचा वाटत नव्हता, सोयीचा वाटत होता. २४ वर्षांचा माणूस येतो. नोकरी करतो, लग्न झालेले आहे, कडेवर पोर आहे. त्याने मत दिलेले असते, कर्ज काढलेले असते. सीमेवर त्याच्या वयाचा जवान बंदूक घेऊन उभा असतो. त्याला ‘तू अजून लहान आहेस’ असे कुठल्या तोंडाने सांगणार? मग त्याचे वय खोटे लिहायचे. ते खोटे मनाला लागत नाही. एकदा ते अंगवळणी पडले की २२ चे खोटे लिहिणे सोपे, २० चे सोपे आणि एखाद्या दिवशी १७ चेही सोपे. रेघ एवढ्या वर ओढली की खालच्या सगळ्या रेघा पुसल्या जातात. अठराच्या आतल्या मुलाला दारू देणे हा तर बाल न्याय कायद्याने मोठा गुन्हा आहे. ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पण ज्याच्या पुस्तकात सगळेच २५ चे, त्याला १७ आणि २४ यांतला फरक दिसणार कसा?

१९ मे २०२४ ची पहाट आठवा. पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. तो पबमधून दारू पिऊन निघाला होता, असे पोलिसांनी सांगितले. त्या पबलाही नियम २५ चाच होता. सुरुवातीला जामीन देताना त्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले आणि सगळा देश संतापला. मीही संतापलो. पण त्याच वेळी मनात आले, आपल्याला तर तेवढाही निबंध कोणी लिहायला सांगितला नव्हता.

दुसरी गोष्ट आपल्या गावची. आपण संकेश्वर-बांदा रस्त्यावरची माणसे. आजरा सोडून आंबोली घाट उतरला, बांदा ओलांडले की गोवा, आणि तिथे वय १८. दर शनिवारी आपली पोरे मोटारसायकलवर तिकडे जातात आणि रविवारी अंधारात धुक्यातून घाट चढून परत येतात. अमेरिकेतही हेच होत होते. शेजारच्या राज्यात वय कमी म्हणून पोरे तिकडे गाडी हाणत आणि परतताना मरत. म्हणून तर त्यांनी देशभर एकच आकडा केला. आपल्याकडे दारू हा राज्यांचा विषय, त्यामुळे दिल्लीत २५, केरळात २३, गोव्यात १८. पंचवीसचा आकडा पोराला दारूपासून लांब ठेवत नसेल, फक्त घरापासून लांब नेत असेल, तर आई-बापाने कुठल्या आकड्याच्या जिवावर झोपायचे?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की वय २१ करा. बिअरला वेगळे, व्हिस्कीला वेगळे असे नको, सगळ्याला एकच. आणि ते खरोखर पाळा. दारात ओळखपत्र बघा, परवान्याची पावती गिऱ्हाइकासमोर फाडा, आणि खोटे वय लिहिणाऱ्याचा परवाना काढून घ्या, मग तो माझा का असेना. डॉक्टरबाई, मेंदूचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण कागदावरच्या २५ पेक्षा दारातले २१ त्या मेंदूला जास्त जपेल.

१८ का नको, असे आपला पुण्याचा मित्र विचारेल. १८ ला मुलगा बारावीत असतो, त्याचे मित्र १६ आणि १७ चे असतात. एकाने आणली की सगळ्यांनी घेतली. ते मी रोज दारातून बघतो. १९८९ च्या लोकसभेला आपण पहिल्यांदा मत दिले, तेव्हा नुकतेच २१ चे १८ झाले होते आणि आपण १९ चे होतो. काय ऐट होती! पण मत देऊन कोणी घाटात गाडी घालत नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. कायदा आज २५ चा आहे, म्हणून मी २५ पाळतो. आधार कार्ड नाहीतर लायसन्स बघितल्याशिवाय बसू देत नाही. पहिल्या वर्षी निम्मी टेबले रिकामी राहिली. मॅनेजर सोडून गेला. ‘सगळ्या गावात तुम्हीच एकटे हरिश्चंद्र’ असे म्हणून गेला. पोरे हसतात आणि पुढच्या दुकानात जातात. तीही माझ्या डोळ्यांदेखत जातात, आणि प्रत्येक वेळी मला वाटते, यांच्यातल्या कोणाचा बाप माझ्या ओळखीचा आहे का? असला तर मी फोन करतो. दोघांनी आभार मानले. एकाने ‘तुझा संबंध काय’ असे विचारले. चालायचेच.

आणि एक आपल्या सगळ्यांसाठी. घरच्या लग्नात, वरातीच्या आधी, शेडच्या मागे पोरांच्या हातात ग्लास कोण देते? आपणच. ‘आज एक दिवस चालतंय’ असे म्हणून देतो. तिथे ना पावती फाटते, ना वय लिहिले जाते. माझ्याकडे निदान खोटे का होईना, रजिस्टर तरी होते.

सर, नववीत मी जे बोललो ते पाठ केलेले होते. आजचे तसे नाही. निकाल तुम्ही द्याल तो मान्य. नंबर आला आणि पेला मिळाला, तर तो मी दुसऱ्या ओळीतल्या माझ्या मित्राच्या घरी देणार आहे. ताक पाजायला तोच बोलवील.