मेलेल्या बैलाची भरपाई झाली; बसलेल्या बैलाचें काय?

(बैलबाजाराच्या दिवशीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



लम्पी म्हणजे काय हें आम्हीं तुम्हांस सांगावयास नको. अंगभर गांठी, सुजलेले पाय, वैरणीला तोंड न लावणारी गाय, हें सर्व तुमच्या गोठ्यांत घडून गेलें आहे. आज बोलावयाचें तें सरकारनें काय केलें व काय राहिलें याविषयीं.

जें केलें तें नाकारणें बरें नव्हे. 2022 सालच्या ऑगस्टांत जळगांव जिल्ह्यांत, रावेर तालुक्यांत, रोग उघड झाला. सप्टेंबरांत सबंध राज्य नियंत्रित क्षेत्र ठरवून गुरांचे बाजार व ने-आण बंद झाली. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांस फुकट टोंचली गेली. एक कोटीहून अधिक जनावरांस ती मिळाली. मेलेल्या दुभत्या गाईचे 30,000, बैलाचे 25,000 व वासराचे 16,000 रुपये ठरले. बुळकांडीनें आमच्या आजोबांची दावण ओस पडली, तेव्हां आमच्या घरीं भरपाई हा शब्दही कोणास ठाऊक नव्हता.

पण हा रोग ओरिसांत 2019 सालीं व आपल्याच गडचिरोलींतील सिरोंच्यास 2020 सालीं दिसला होता. लस टोंचल्यावर अंगांत जोर येण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. माशा, डांस व गोचीड कांहीं तितके दिवस थांबत नाहींत. मग रोग शेजारच्या गोठ्यांत आल्यावर टोंचणारा माणूस गांवांत येतो, ही तहान लागल्यावर विहीर खणण्याची रीत झाली. बुळकांडी अशा रीतीनें गेली नाहीं. 1954 पासून पिढी उलटेपर्यंत नेटानें टोंचणी चालली, तेव्हां कोठें 2006 सालीं हिंदुस्थान त्या रोगांतून सुटला असें जगानें मान्य केलें.

आतां मुख्य गोष्ट. लम्पीनें मरतात त्याहून कितीतरी अधिक जनावरें जगतात. पण कामांतून जातात. एका बाईनें आम्हांस विचारलें, "दादा, बैल मेला असता तर पंचवीस हजार मिळाले असते. मी रात्रंदिवस शेकून, पाणी पाजून त्याला जगवला, म्हणून मला कांहींच नाहीं का?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. तिच्या घरीं एकच बैल. दुसरा शेजाऱ्याचा, सावडीचा. एक बसला आणि ऐन रब्बीच्या पेरणींत दोन घरांच्या तिफणी उभ्या राहिल्या. गाय आटली, गाभण होती ती गाभडली, ट्रॅक्टरच्या भाड्यापायीं कर्ज झालें. हें लिहावयास पंचनाम्यांत रकानाच नाहीं!

आणि बाजार बंद झाला तेव्हां नालबंद, लोहार, दोरखंडें व घुंगुरमाळा विकणारे यांनीं काय खावें? बाजार बंद करणें योग्यच होतें. आम्ही त्याविरुद्ध नाहीं. पण ज्यांची चूल बाजारावर पेटते त्यांची गणती कोणत्याच कागदांत झाली नाहीं.

आपलीही चूक सांगतों, राग मानूं नये. बाजार बंद होईल या भयानें कित्येकांनीं गांठी आलेलें जनावर लपविलें, भगताचा अंगारा लावला, आणि चार दिवसांनीं सगळी आळी आजारी पडली. कांहीं ठिकाणीं तर एकाच सुईनें दहा गुरें टोंचली! सुई दर जनावरास निराळी मागा. टोंचणी दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं करून घ्या. 2023 सालीं रोग पुन्हा आला तेव्हां वासरांचे फार हाल झाले. चार महिन्यांवरील वासरूं वगळूं नका. जनावर आजारी दिसतांच 1962 या नंबरास फोन करा, आणि मेलें तर पंचनामा झाल्याविना पुरूं नका.

येथें पारावर एक वही ठेविली आहे. ज्यांचा बैल बसला, गाय आटली किंवा बाजाराविना धंदा बुडाला त्यांनीं जातांना आपलें नांव, जनावर व बुडालेले दिवस लिहून द्यावे. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांच्यासाठीं शाळेंतील मुलें बसलीं आहेत. ही यादी जोडून जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याकडे सोमवारीं अर्ज जावयाचा आहे.