फौजदारी खटला आणि आपला वकील

(एका खेड्यांतील शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांपुढें गांवच्या शिक्षकानें केलेलें भाषण)



मी कायदेपंडित नाहीं. ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडल्यापासून मराठी शाळेंत मुलांना बाराखडी शिकविणारा मी एक मास्तर आहें. परंतु गांवांत कोणास समन्स आलें किंवा पोलिसांची नोटीस आली कीं कागद वाचून घेण्यासाठीं माणूस प्रथम शाळेकडे येतो. असे पुष्कळ कागद वाचून आणि कोर्टाच्या ओट्यावर लोकांबरोबर बसून जें कांहीं कळलें, तेवढेंच आज आपणांपुढें ठेवतों.

आपल्या लोकांची समजूत अशी कीं, फौजदारी खटला म्हणजे गंडांतर. वकिलाच्या हातीं पैसे द्यावे, तारखेस हात जोडून उभें राहावें आणि निकाल नशिबावर सोडावा. ही समजूत आपणांस जेवढी नागवते, तेवढी खुद्द शिक्षाही नागवीत नाहीं.

माझ्या हाताखालून गेलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतों. बांधाच्या वादांत भाऊबंदांत हाणामारी झाली आणि त्याच्यावर साधी दुखापत केल्याचा, जुन्या दंडसंहितेच्या कलम ३२३ चा, खटला उभा राहिला. दर तारखेस रोज बुडे, एस. टी. चें भाडें जाई. पांचव्या-सहाव्या तारखेस कोर्टाच्या फाटकापाशीं कोणा शहाण्यानें सांगितलें, 'गुन्हा कबूल कर, थोडा दंड भर, सुटशील.' पोरानें कबूल केला, दंड भरला, घरीं येऊन पेढेही वाटले. पुढें सरकारी नोकरीसाठीं त्याची निवड झाली, तेव्हां चारित्र्याच्या पडताळणींत ती शिक्षा वर आली. त्यास वाटलें होतें, दंड भरला म्हणजे खटला मिटला. कायद्याच्या दृष्टीनें दंड हीही शिक्षाच, आणि ती झालेला माणूस दोषी. दुःखाची गोष्ट ही कीं, समोरचा चुलता तोंवर समेटास राजी झाला होता. साध्या दुखापतीच्या गुन्ह्यांत ज्यास मार लागला त्यानें कोर्टांत तडजोड केली, तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच होतो. जुन्या कायद्यांत तसें होतें, नव्यांतही कलम ३५९ खालीं तसेंच आहे. एवढें एक वाक्य सांगणारा त्या दिवशीं त्याच्या बाजूस कोणी नव्हता. वकील होता, पण तो त्या वेळीं दुसऱ्या कोर्टांत होता! अशा वेळीं न्यायाधीशांस सरळ सांगावें कीं, माझे वकील हजर नाहींत, मला वेळ द्यावा. असें म्हणण्यांत बेअदबी नाहीं.

नवा कायदा म्हटला तो कोणता? १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्या तारखेपूर्वीं घडलेल्या गुन्ह्यास जुनींच कलमें लागतात. म्हणून एकाच्या कागदावर ३२३ आणि दुसऱ्याच्या कागदावर ११५ दिसलें, तरी गुन्हा एकच असूं शकतो. आंकडा पाहून घाबरूं नये. कलमाखालीं काय लिहिलें आहे तें विचारावें.

आतां वकील कसा शोधावा? पोलिस ठाण्याबाहेर चहाच्या टपरीवर जो स्वतः होऊन गांठतो आणि 'आपल्या ओळखीचे वकीलसाहेब आहेत' म्हणून ओढून नेतो, त्याच्या मागें जाऊं नका. तो दलाल असतो, आणि त्याचा वाटा तुमच्याच फीमधून निघतो. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती होऊन अशा दलालांची यादी लावण्याचा अधिकार कोर्टांस मिळाला आहे, आणि यादींत नांव असतां दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैदही सांगितली आहे. आपल्यांत दुसरी एक खोड आहे. वकील आपल्या जातीचा आहे का, हें पहिल्यानें विचारतात. मंडळी, जातीचा वकील तारखेस गैरहजर राहिला तर वॉरंट जातीवर निघत नाहीं, तुमच्यावर निघतें!

मग पाहावें तें काय? कोर्ट हें उघडें ठिकाण आहे. कांहीं थोडे खटले सोडले तर कोणीही आंत जाऊन शांतपणें मागच्या बांकावर बसूं शकतो. बैल घेतांना आपण तीन बाजार हिंडतों, दांत पाहतों, चालवून पाहतों. वकील घेतांना मात्र एक दिवस कोर्टांत बसत नाहीं. बसा. पुकारा झाला म्हणजे कोण हजर असतो, साक्षीदारास कोण कागद वाचून प्रश्न विचारतो आणि कोण नुसती पुढची तारीख मागतो, हें अक्षरशत्रूसही दिसतें. मग त्यांतील दोघांकडे जाऊन विचारा: फी एकूण किती, कीं दर तारखेस निराळी? जामिनाची धरून कीं सोडून? तारखेस स्वतः येणार कीं हाताखालचा येणार? जो ह्या प्रश्नांनीं चिडतो त्यास नमस्कार करावा. 'खटला जिंकला तर एवढे टक्के' असा करार करणें वकिलांच्या नियमांतच बसत नाहीं, आणि 'साहेब आपल्या खिशांत आहेत' असें सांगणारा तर हमखास तुमच्याच खिशांत हात घालणार. वकीलपत्रावर वाचून, निदान वाचवून घेऊन, सही करावी. कोऱ्या कागदावर अंगठा कधींही देऊं नये. वकील पटला नाहीं तर बदलतां येतो. फी राहिली म्हणून तुमचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, हें सगळें पैसेवाल्यांचें झालें. आम्हीं काय करावें? त्यांच्यासाठींच पुढचें सांगतों. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें सर्व स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कारखान्यांतील कामगार आणि अटकेंत असलेला कोणीही मनुष्य ह्यांस सरकारखर्चानें वकील मिळतो; ह्यांस उत्पन्नाची अट नाहीं. इतरांस उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारांत तालुका विधि सेवा समिति असते, जिल्ह्यास जिल्हा प्राधिकरण असतें, आणि पुष्कळ जिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठीं लोक अभिरक्षक कार्यालयही आहे. १५१०० ह्या क्रमांकावर फोन करूनही विचारतां येतें. हा धर्मादाय नव्हे. १९७९ सालीं बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षें खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें गरीब आरोपीस फुकट वकील हा त्याचा हक्क ठरविला. १९८६ सालीं अरुणाचल प्रदेशांतील सुक दास नांवाच्या आरोपीची शिक्षा त्याच न्यायालयानें रद्द केली, ती एवढ्याच कारणानें कीं त्यास वकील दिला नव्हता. त्यानें मागितला नव्हता, असें सरकार म्हणालें. न्यायालय म्हणालें, ज्यास हक्क ठाऊकच नाहीं तो मागणार कसा? जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शंभरावर वर्षें लोटलीं, तरी शेतकऱ्याच्या अडाणीपणाची हीच दुखरी जागा आज देशाच्या वरिष्ठ न्यायालयास बोट ठेवून दाखवावी लागते.

फुकटचा वकील म्हणून लक्ष कमी दिलें जातें, ही तक्रार मीं ऐकली आहे आणि कांहीं वेळां ती खरी असते. त्यावर उपाय एकच कीं आपण स्वतः खटल्याचा माग ठेवावा. फिर्याद दिली असेल तर तिची नक्कल तेथेंच फुकट मागून घ्यावी. ठाण्यावर फिर्याद घेत नसतील तर ती लेखी टपालानें पोलिस अधीक्षकांकडे पाठवावी. तेथेंही दाद नाहीं लागली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. आरोपी असाल तर दोषारोपपत्राच्या व जबाबांच्या नकला फुकट मिळतात. त्या वकिलाच्या कपाटांत न ठेवतां एक संच घरीं आणावा. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षरांचा एक सी. एन. आर. क्रमांक असतो. तो घराच्या भिंतीवर लिहिला तरी चालेल! ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर तो घातला कीं पुढची तारीख आणि मागच्या तारखेस काय झालें तें मोबाईलवर दिसतें. सातवींतलीं मुलें हें काम करतात. तीं आपलींच मुलें आहेत. आजारपणामुळें तारखेस जाणें होत नसेल तर वकिलाकडून हजेरीमाफीचा अर्ज द्यावा. न सांगतां घरीं बसूं नये.

अटकेंतल्या माणसाच्या घरच्यांनीं दिवस मोजावे. तपास साठ दिवसांत, आणि भारी गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, पुरा होऊन दोषारोपपत्र आलें नाहीं तर जामिनाचा हक्क उत्पन्न होतो. पण तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्याच्या आधीं मागावा लागतो. जामीनपात्र गुन्ह्यांत आठवडाभर जामीनदार मिळाला नाहीं तर त्या माणसास निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावें, असें कायदाच सांगतो.

आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेंही, सरकारी वकील आहेत म्हणून स्वस्थ बसूं नये. तपास कोठवर आला हें पोलिसांनीं फिर्यादीस नव्वद दिवसांच्या आंत कळवावयाचें असतें. सरकारी वकिलाच्या मदतीस, कोर्टाच्या परवानगीनें, स्वतःचा वकीलही देतां येतो. विशेषतः ज्या बायांवर हात टाकला गेला त्यांस हें कोणी सांगत नाहीं. उलट 'जाऊं दे, घराची अब्रू जाईल' म्हणणारे दहा भेटतात. अब्रू कोणाची गेली, मारणाऱ्याची कीं मार खाणारीची?

रविवारीं सकाळीं नऊ वाजतां शाळा उघडी ठेवतों. ज्यांच्याकडे समन्स, नोटीस, वकीलपत्र असेल त्यांनीं आणावें. कागद काय म्हणतो तें मी वाचून दाखवीन, सी. एन. आर. क्रमांक वहींत लिहून देईन. सल्ला मात्र वकिलाचाच घ्यावा. चौघे-पांच जण झाले तर सोमवारच्या सकाळच्या गाडीनें तालुक्यास जाऊं आणि विधि सेवा समितीच्या खोलींत बरोबरच अर्ज देऊं. आधार कार्ड व रेशनकार्ड बरोबर ठेवा. ज्यास लागू असेल त्यानें जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखलाही आणावा.