विम की व्हीएस कोड? आलापल्लीहून

नव्याने प्रोग्रामिंग शिकणारे नेहमी विचारतात, एडिटर कोणता घेऊ? आज माझाच अनुभव सांगतो.

बीटेकला असताना आम्ही विमला हसायचो. त्यातून बाहेर कसं पडायचं हेच कोणाला माहीत नव्हतं! नोकरीतही व्हीएस कोडच. मग एका पावसाळ्यात घरून काम करायला आलापल्लीला आलो. इकडे पाऊस लागला की लाईट जाते, अन् मागोमाग टॉवर.

एका रात्री कंपनीचा सर्व्हर बंद पडला. कॉन्फिगमधली एक ओळ बदलायची होती, बस. पण त्याच दिवशी व्हीएस कोड अपडेट झालेलं. त्याचं रिमोट एसएसएच समोरच्या मशीनवर स्वतःचा छोटा सर्व्हर बसवतं, आणि अपडेटनंतर तो नव्याने लागतो. आमच्या सर्व्हरला बाहेरचं इंटरनेट नाही, म्हणजे तो माझ्याच लॅपटॉपवरून चढवायचा. इथल्या नेटवर! आई दोनदा येऊन गेली, "काहून रे, जेवत नाहीस का?"

शेवटी साधं एसएसएच केलं अन् विम उघडलं. अक्षर दाबलं की दोन सेकंदांनी दिसायचं. तेवढ्यात कनेक्शन तुटलं. मला वाटलं, गेलं सगळं. पण विम स्वॅप फाईल ठेवतं. परत जोडून 'विम -आर' केलं, काम जवळपास तसंच मिळालं.

नंतर वाचलं, बिल जॉयने 1976 च्या सुमारास मूळचं व्हीआय लिहिलं ते 300 बॉडच्या मोडेमवर. सेकंदाला जेमतेम 30 अक्षरं. 80 बाय 24 चा स्क्रीन पूर्ण भरायला मिनिटभर! म्हणून तर त्याच्या कमांड एकेका अक्षराच्या. आम्ही हसायचो ते यालाच.

पण विमभक्त झालो असं समजू नका. आमच्या ॲपमध्ये मराठी मेसेज आहेत, आणि माझ्या टर्मिनलमध्ये 'गडचिरोली'च्या वेलांट्या भलतीकडेच जातात. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. ती फाईल मी व्हीएस कोडमध्येच उघडतो. इमॅक्सनेही 2020 च्या 27 व्या आवृत्तीत हार्फबझ घेतलं, त्यात देवनागरी नीट दिसते. पण तिसरं शिकायची हिंमत नाही बाप्पा.

सध्या ढग दाटले की आधी सर्व्हरवर टीमक्स सुरू करतो, म्हणजे नेट गेलं तरी सेशन तिकडे चालू राहतं. मग जेवायला बसतो.