गॅलरीतला कोपरा



२०१८ साली दिवाळीचा पाडवा ८ नोव्हेंबरला होता. बे एरियातल्या आपल्या घरांतून फराळाचे डबे भरले जात होते आणि त्याच सकाळी उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव वणव्यात सापडलं. ८५ माणसं गेली. १८ हजारांहून जास्त लहानमोठी बांधकामं जळाली. पुढे दोन आठवडे त्याचा धूर आपल्या खिडक्यांबाहेर होता, ते तुम्हालाही आठवत असेल. मला मात्र त्या गावाचे नंतरचे फोटो विसरता येत नाहीत. घराच्या जागी राख, आणि तिच्या शेजारी पाइनची झाडं हिरवीच्या हिरवी उभी.

ज्वाळा जंगलातून चालत आल्या असत्या तर ती झाडं वाचली नसती. तिथली कितीतरी घरं पेटली ती वाऱ्यावरून आलेल्या ठिणग्यांनी, आणि मग एका पेटत्या घराने शेजारचं पेटवलं.

आपल्याकडे सह्याद्रीत वणवा खाली उतरू नये म्हणून जाळरेषा काढतात. सहापदरी डांबरी महामार्गाहून चांगली जाळरेषा कुठली असेल? २०१७ च्या ऑक्टोबरात सँटा रोझा शहराजवळ आगीने १०१ नंबरचा तसला महामार्ग एका रात्रीत ओलांडला आणि पलीकडची सपाटीवरची वस्ती बेचिराख केली. पेटत्या सालपटाचा तुकडा वाऱ्यावर दीड किलोमीटरच्याही पुढे जातो. म्हणून ‘आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली सगळं काँक्रीट आहे’ हे समाधान खरं नाही.

तुमच्या गॅलरीत ठिणगी कुठे पडेल, हे आज सांगता येतं. जोराचा वारा होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. वाळकी पानं एका ठरावीक कोपऱ्यात, भिंतीच्या पायाशी गोळा झालेली दिसतील. वारा भिंतीवर आपटतो, तिथे त्याचा जोर मोडतो आणि हातातलं सगळं तो तिथे टाकतो. ठिणग्याही तो तिथेच टाकणार. आणि आपण त्या कोपऱ्यात काय ठेवतो? रिकामी खोकी, रद्दी, झाडू, खुर्चीवरची गादी.

गॅलरीच्या दाराशी असतं, त्या काथ्याच्या पायपुसण्याबद्दल थोडं जास्त बोलते. गावाकडच्या पानपट्टीवर बिडी पेटवायला काथ्याची दोरी टांगलेली असायची, आठवते? तिच्या टोकाला ज्वाळा कधी दिसायची नाही, पण ती दिवसभर धुमसत राहायची. दाराशी घातलेलं पायपुसणं त्याच काथ्याचं असतं. हरभऱ्याएवढा निखारा त्यात रुतला की तासन् तास आत जिवंत राहील, आणि बंब निघून गेल्यावर, सगळे निर्धास्त झाल्यावर, पेट घेईल. गॅलरीतल्या कुंड्यांखालचा काथ्याही तसाच. बांबूची चिक, प्लॅस्टिकची खुर्ची, गेल्या वर्षीचं वाळलेलं झेंडूचं तोरण, हेही सगळं निखाऱ्याच्या कामाचं.

तुळस काढा असं मी म्हणणार नाही. पाणी घातलेली हिरवी तुळस सहजी पेटत नाही. पेटतात त्या तिच्या बुंध्याशी साठलेल्या काड्या आणि वाळक्या मंजिऱ्या. त्या वेचा आणि कुंडी त्या कोपऱ्यातून हलवा. गॅलरी लाकडी फळ्यांची असेल तर फटींत अडकलेला पाचोळा जुन्या सुरीने उकरून काढा.

कॅलिफोर्नियात २०२० साली झालेल्या कायद्यात वणव्याचा धोका असलेल्या भागांत घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत पेटेल असं काही नसावं, हा विचार आला. फ्लॅटवाल्यांची गॅलरी त्या पाच फुटांतच असते, हे लक्षात घ्या.

भिंतीतल्या झरोक्यांना धातूची बारीक जाळी हवी, तिचं भोक इंचाच्या आठव्या हिश्शाहून मोठं नको. हे काम भाडेकरूच्या हातात नसतं. ते इमारतीच्या व्यवस्थापनाकडे मागायचं, आणि चार शेजाऱ्यांच्या सह्यांनी मागायचं. शेजाऱ्यांशी बोलणं तसंही भाग आहे. खालच्या मजल्यावरची गॅलरी पेटली तर तिची ज्वाळा तुमच्याच गॅलरीच्या पोटाला लागणार.

वणवा झपाट्याने पसरू शकेल असं हवामान असल्याचा ‘रेड फ्लॅग’ इशारा आला की गाद्या, खुर्च्या, पायपुसणं घरात घ्या, काचेपासून लांब ठेवा. दारं-खिडक्या घट्ट लावा. आणि घर सोडायचा हुकूम आला तर पाण्याची नळी घेऊन गॅलरीत उभं राहू नका. त्या क्षणी निघा.

इथले कोरडे, जोराचे वारे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुटतात, नेमके आपण आकाशकंदील टांगतो तेव्हा. यंदा कंदील लावायच्या आधी तो कोपरा झाडून घ्या. आणि वाऱ्याचा इशारा आला, तर त्या दिवशी कंदीलही आत घ्या.